वाळवणातला घोट

पिशवी फोडली आणि स्वयंपाकघरात जांभूळ शिरलं.

एप्रिल चालू होता. जांभळं बाजारात यायला अजून महिना-दीड महिना होता आणि पिशवीवर तर ठसठशीत 'कॉफी' लिहिलेलं. भाचा पुण्याहून येताना एक छोटं एस्प्रेसोचं यंत्र, हातानं फिरवायची दळणी आणि पाव किलो भाजलेले दाणे घेऊन आला होता. "मामा, आधी नुसता वास घ्या," म्हणाला. घेतला. जांभळामागून सुकं अंजीर आलं, त्यामागून मोहाच्या वाळल्या फुलांसारखा किंचित आंबूस दरवळ. कॉफीचा ओळखीचा भाजका वास सगळ्यांत शेवटी आला, पंगत उठताना पोचलेल्या पाहुण्यासारखा.

"इसेन्स कसला घातलाय रे यात?"

"कसलाच नाही. नॅचरल आहे, मीडियम रोस्ट. एवढंच."

आता कागदोपत्री अहिल्यानगर झालेलं आमचं नगर हे चहाचं गाव. चहाच्या घोटावर इथं साहित्यसुद्धा जन्मलंय. भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात कैदेत असताना मौलाना आझादांनी जी पत्रं लिहिली, ती पुढे 'गुबार-ए-खातिर' या पुस्तकात आली आणि त्यांत चिनी चहाची चर्चा मोठी रंगली आहे. कॉफी मात्र आमच्या घरात पाहुण्यांसाठी किंवा कोजागरीनंतरच्या थंडीत, दुधात उकळून आणि वर जायफळ किसून. तिला स्वतःचा असा वास असतो हे साठी उलटल्यावर कळत होतं. आणि तोही फळाचा! दाणा म्हणजे बी. चिंचोक्याला कधी चिंचेचा वास येतो का? मग या बीला फळाचा वास कुठून लागला?

नॅचरल म्हणजे वाळवण

याचं उत्तर आपल्या गच्चीवर आहे. उन्हाळ्यात कुरडया-पापड पडतात, कैरीच्या फोडी सुकतात, आमसुलं होतात. कॉफीचं पिकलेलं लाल फळ तोडून, न सोलता, न धुता, जसंच्या तसं उन्हात सुकवलं की ती झाली नॅचरल. एवढा साधा प्रकार आहे, म्हणूनच तो सगळ्यांत जुना.

फळ बोराएवढं. वर साल, सालीखाली थोडासा गोड गर, त्याखाली बुळबुळीत चिकट थर, मग एक टणक टरफल, त्याच्या आत चांदीच्या वर्खासारखा पापुद्रा आणि सर्वांत आत पोटाला पोट लावून बसलेल्या दोन बिया. दुसऱ्या, म्हणजे 'वॉश्ड' पद्धतीत यंत्रानं साल आणि गर काढतात, उरलेला चिकट थर टाकीत आंबवून सुटा करतात आणि धुऊन टाकतात. मग टरफलासकट बी सुकवतात. अशा कॉफीची चव स्वच्छ, नेमकी. नॅचरलमध्ये बी दोन ते चार आठवडे आपल्याच फळाच्या कुशीत पडून राहते. ताज्या फळात साठ-पासष्ट टक्के पाणी असतं. आतल्या दाण्यात ते दहा-बारा टक्क्यांवर येईपर्यंत ऊन खायचं.

या काळात खळ्यावर तीन गोष्टी चालतात. एक बाहेरून दिसते. थर पातळ ठेवायचा, दिवसातून अनेकदा फिरवायचा, रात्री दवापासून झाकायचा. आळस केला की बुरशी लागते किंवा फळ फुटून शिरक्याचा वास मारतं. दुसरी सालीआड चालते: तिथं यीस्ट आणि जिवाणूंची जत्रा भरलेली असते. गरातल्या साखरेवर ते ताव मारतात आणि त्यातून आम्लं, अल्कोहोल, एस्टर अशी सुगंधी रसायनं निपजतात. पिकलेल्या फळांच्या वासातही हीच मंडळी असतात. पिशवीतून आलेल्या मोहाच्या दरवळाचा उगम इथला.

तिसरी गोष्ट बीच्या आत घडते, आणि ती ऐकून मी हातातला दाणा जरा जपूनच खाली ठेवला. वाळवणातली बी जिवंत असते. आपल्याला कपात जायचंय हे तिला ठाऊक नसतं. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या संशोधकांनी विसेक वर्षांपूर्वी हे उलगडून दाखवलं. वॉश्ड पद्धतीत फळाचं आवरण निघताच बीला वाटतं, चला, उगवायची वेळ झाली. आणि ती साठवलेलं ग्लुकोज-फ्रुक्टोज खर्चायला लागते. फळातच अडकलेल्या बीचं उगवणं लांबतं, तिची साखर बरीचशी शिल्लक राहते. पण पाणी तर रोज उडत असतं. मग ती दुष्काळाला तोंड देऊ लागते आणि तहानलेली झाडं बनवतात ते 'गॅबा' नावाचं रसायन तिच्यात साठत जातं. दुष्काळात माणूस पोटाला चिमटा काढून काय काय जपतो, हे नगर जिल्ह्याला सांगायला नको. एक बीसुद्धा तेच करते हे मात्र नवीन होतं.

म्हणजे पिशवीतल्या जांभळाचा हिशेब दोन खात्यांतला: काही बाहेरच्या जत्रेनं दिलेलं, काही बीनं स्वतः राखलेलं.

माणूस, शब्द आणि बी

हे वाळवण सुरू झालं इथिओपियात आणि समुद्रापलीकडच्या येमेनमध्ये. दोन्हीकडे ऊन मुबलक, पाण्याची चणचण. फळं धुवायला पाणी आणायचं कुठून? सपाट माळवदांवर, दगडी अंगणांत फळं पसरायची आणि वाट पाहायची. इथिओपियातल्या हरारची कॉफी आजही अशीच सुकते, आणि तिच्यातला जांभळासारखा फळाळ वास जगभर नावाजलेला आहे. येमेनमध्ये तर वाळलेल्या सालींचाही काढा करून आलं घालून पितात. त्याला 'किशर' म्हणतात.

या वाटेनं नगरला एक माणूस आला होता. साधारण १५४८ साली इथिओपियात जन्मलेला चापू नावाचा पोरगा. तो गुलाम म्हणून विकला गेला तो तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरात. तिथून बगदाद, नवा धर्म, नवं नाव, आणि मग दख्खन. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, जो स्वतःही एके काळी हबशी गुलाम होता, त्यानं या तरुणाला विकत घेतलं. तोच मलिक अंबर. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडल्यावरही पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं निजामशाही ज्यानं उभी ठेवली, तो.

आणि मोखा म्हणजे? कॉफीच्या दुकानातल्या पाटीवरचा 'मोका' तो हाच. चापू तिथं विकला गेला तेव्हा येमेनमधल्या सूफींना रात्रीच्या जिक्रासाठी, म्हणजे नामस्मरणासाठी, कॉफी पिऊन जागण्याची सवय लागून शंभर वर्षं होत आली होती. पुढे दीड-दोन शतकं जगाची कॉफी या बंदरातून हलत होती. १६१७ मध्ये पीटर व्हॅन डेन ब्रुके नावाचा डच व्यापारी दख्खनमध्ये मलिक अंबरला भेटला. हा माणूस मोख्यात विकला गेला होता, हे त्यानंच आपल्या रोजनिशीत टिपून ठेवलं. गंमत अशी की मोख्याची कॉफीची रोपं हॉलंडला नेल्याचं श्रेयही याच व्यापाऱ्याला देतात. मोगल बादशहा जहांगीर ज्याच्या नावानं बोटं मोडत होता तो अंबर इकडे, आणि तिकडे त्याच जहांगीरच्या छावणीत १६१६ ते १६१९ च्या सुमारास वावरलेला एडवर्ड टेरी हा इंग्रज पाद्री हिंदुस्थानातले काही लोक कॉफी पितात अशी नोंद करतोय. कॉफी आणि अंबर एकमेकांच्या किती जवळून गेले!

माणसापाठोपाठ शब्दही आला. माझ्या फडताळात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे. त्यात 'बुंद' काढा. अर्थ दिलाय कॉफीचं बी. इथिओपियात कॉफीला म्हणतात 'बुना', अरबीत बियांना 'बुन्न', आणि जुन्या मराठीत 'बुंद'. तिन्ही एका गोतातले. आपण इंग्रजांकडून 'कॉफी' उसनी घेतली त्याआधी आपल्याकडे बुंद होतं. वापराविना ते कोशात पडून राहिलं.

सर्वांत शेवटी आली ती जिवंत बी. बाबा बुदन या सूफी संतानं सतराव्या शतकात हजहून परतताना मोख्याहून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. ते डोंगर आज त्यांच्या नावानं ओळखले जातात. सुकल्यावरही बी काही महिने जीव धरून राहते, म्हणून हे शक्य झालं. वाळवण चवीच्या आधी प्रवासाच्या कामी आलं. आता भारतातली बहुतेक कॉफी कर्नाटकात पिकते. महाराष्ट्रात ती भेटते मेळघाटात, चिखलदऱ्याला. आणि आपल्या व्यापारात 'नॅचरल' हा शब्द तर परवाचा. कर्नाटकातले बागाईतदार पिढ्यान्‌पिढ्या याला 'चेरी' म्हणत आले. धुतलेली अरेबिका ती 'प्लांटेशन'. चांगलं पिकलेलं फळ धुवायला जायचं, हंगामाच्या शेवटी ओरबाडलेलं कच्चं-पक्कं चेरीत. त्यामुळे चेरी म्हणजे दुय्यम माल. नीट पिकलेलं, निवडून तोडलेलं फळ जपून वाळवलं तर त्यातून काय निघतं, हे आपल्याकडे अलीकडे लोक नव्यानं शिकताहेत.

गुळव्याचा डोळा

वाळलेलं फळ कांडून निघालेला दाणा हिरवट-पिवळा, दगडासारखा टणक, आणि वासाला जवळजवळ गवत. त्यातलं जांभूळ भट्टीत जागं होतं.

गुऱ्हाळावर उभं राहिलेल्या माणसाला कॉफीची भाजणी लगेच समजेल. उसाचा रस कढईत आटतो, काकवी होते, पाक गोळीबंद होतो, आणि एका क्षणी गुळव्या म्हणतो, "उतरवा." अर्धं मिनिट लवकर उतरवला तर गूळ बसत नाही, उशिरा उतरवला तर काळा पडतो, कडवटतो. कॉफी भाजणाऱ्याचंही तेच. साधारण दीडशे अंश सेल्सिअसच्या पुढे दाणा पिवळा पडतो आणि भाकरी भाजल्यासारखा वास सुटतो. साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांना भिडून तपकिरी रंग आणि शेकडो वास तयार करू लागतात. दोनशे अंशांच्या आसपास दाण्यातल्या वाफेला आत जागा पुरत नाही आणि ते तडतडू लागतात, वाळूत फुटाणे फुटतात तसे. ही पहिली तडतड. आणखी तापवलं तर सव्वादोनशेच्या सुमारास दुसरी, बारीक तडतड होते. तेल बाहेर येतं, दाणा काळा-तुकतुकीत होतो.

मीडियम रोस्ट या दोन तडतडींच्या मधला मुक्काम. पहिल्या तडतडीपाशीच थांबलं तर फळाचा आंबटपणा अंगावर येतो. दुसऱ्यापर्यंत नेलं तर भट्टीचीच चव उरते. मग ते फळ चार आठवडे वाळवलं काय नि धुऊन काढलं काय, सारखंच. मधे उतरवलं की फळही राहतं आणि त्याखाली गुळा-चॉकलेटाचा पाया बसतो. नॅचरल दाण्याच्या बाबतीत भट्टीवाल्याला हात आणखी हलका ठेवावा लागतो, कारण साखर जास्त, बाहेरून करपायची भीती जास्त.

भाजताना दाण्याचं वजन सहाव्या-सातव्या हिश्शानं घटतं, आकार दीडपट होतो आणि आतल्या सूक्ष्म पोकळ्यांत कार्बन डायऑक्साइड कोंडून बसतो. भट्टीतून आलेली कॉफी म्हणून लगेच एस्प्रेसोला घेत नाहीत. आठवडा-दोन आठवडे तिला नि:श्वास टाकू देतात. पिशवीला जी बारीक झडप असते ती यासाठी. पण सगळा वायू जायला नको. थोडा राहिलेला बरा; का, ते पुढे येईल.

कपात भंडारदरा

आता यंत्र. एस्प्रेसोचं गणित वाचायला सोपं आहे: अठरा ग्रॅम बारीक दळलेली कॉफी चाळणीत दाबून चकती करायची, तिच्यातून नव्वद ते शहाण्णव अंश तापमानाचं पाणी नऊ बार दाबानं ढकलायचं आणि पंचवीस-तीस सेकंदांत छत्तीस ग्रॅमच्या आसपास पेय घ्यायचं. नऊ बार हा आकडा मात्र मला नुसता आकडा म्हणून गिळवेना.

एक बार म्हणजे साधारण दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. नऊ बार म्हणजे सुमारे ब्याण्णव मीटर. आपल्या जिल्ह्यात अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचं धरण आहे, १९२६ मध्ये पुरं झालेलं; उंची ८२ मीटरच्या थोडी वर. त्या भिंतीएवढा पाण्याचा स्तंभ उभा करा, त्यावर तीन मजली घराच्या उंचीचं आणखी पाणी चढवा, आणि तळाशी कॉफीची चकती ठेवा. तिच्यावर जो दाब येईल तो हा. चाळणीचा व्यास असतो ५८ मिलिमीटर. हिशेब केला तर चकतीवर एकूण भार येतो दोनशे चाळीस किलोंच्या आसपास. कांद्याच्या पन्नास किलोंच्या जवळजवळ पाच गोण्या, आणि त्या पेलतेय ओट्यावरची कॉफीची वडी.

एवढा दाब लागतो कशाला? कारण वेळ कमी आहे. दळलेला कण जितका बारीक तितका त्याचा पृष्ठभाग जास्त आणि त्यातलं सत्त्व लवकर सुटतं. पण बारीक दळून घट्ट दाबलेल्या चकतीतून पाणी आपल्या वजनानं उतरायला तयार होत नाही. सुरुवातीची यंत्रं वाफेवर चालत. तुरीन शहरात १८८४ मध्ये अँजेलो मोरिओन्दोनं आणि मिलानमध्ये १९०१ साली लुइजी बेझेरानं पेटंटं घेतली, पण वाफेचा दाब जेमतेम दीड बार. १९४० च्या दशकात मिलानच्याच आकिले गाज्जियानं दांडा आणि स्प्रिंग आणली, दाब एकदम आठ-नऊ बारांवर गेला, आणि कपावर कुणी न पाहिलेला सोनेरी फेस आला. १९६१ साली फाएमा कंपनीच्या ई-६१ यंत्रात विजेचा पंप आला आणि दांडा ओढणाऱ्या हातांना आराम मिळाला.

तो फेस म्हणजे क्रेमा. दाण्यात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड नऊ बार दाबाखाली पाण्यात विरघळतो. पाणी चाळणीतून बाहेर पडलं, दाब एकदम उतरला, की वायू बारीक बुडबुड्यांनी उसळतो. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसंच. फरक एवढाच की इथं कॉफीतलं तेल आणि इतर पदार्थ त्या बुडबुड्यांना लपेटून धरतात. थोडा वायू राहिलेला बरा तो यासाठी. शिळ्या दाण्यांना क्रेमा येत नाही, कारण त्यांचा श्वास संपलेला असतो.

आणि तापमान? नगर शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंच, इथं पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर पातेलं चढवलंत तर ते साडेचौऱ्याण्णवच्या आसपास उकळेल. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वांत उंच शिखरावर खळखळ उकळणारं पाणी एस्प्रेसोला हवं तेवढंच गरम. तापमान कळसूबाईचं आणि दाब भंडारदऱ्याच्या तळाचा. दोन्ही एकाच तालुक्यात, आणि आमच्या घरी एकाच चिमुकल्या चाळणीत.

बांध फुटला

एवढा अभ्यास झाल्यावर पहिला कप उत्तम व्हायला हवा होता. कळ दाबली. चाळणीच्या एका कडेनं पिवळट पिचकारी उडाली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर डाग पडला आणि चौदा सेकंदांत कप भरला. चाखला तर जिभेच्या बाजूंना लिंबू चोळल्यासारखा आंबट आणि मागून कडू जहर. एकाच कपात दोन्ही कसं?

भाचा म्हणाला, "चॅनेलिंग." मी म्हटलं, "मराठीत बांध फुटला म्हणतात." वाफ्याला पाणी देणाऱ्या कुणालाही हे कळेल. बांधाला उंदराचं एक बीळ असलं की पाणी आधी तिथून झिरपतं, झिरपताना बीळ मोठं करतं, मोठं झालं म्हणून आणखी पाणी तिकडे धावतं. बाकीचा वाफा कोरडाच राहतो. चकतीतही तसंच. कुठं गुठळी, कुठं भेग, कुठं सैल कड. नऊ बारांचं पाणी ती वाट क्षणात शोधतं. वाटेवरची कॉफी धुऊन-धुऊन कडू होते, बाजूची नीट भिजतही नाही, म्हणून आंबट राहते.

भार झेलणाऱ्या बांधात एक वाट मोकळी केली तर काय होतं, हे मलिक अंबरला चांगलं ठाऊक होतं. नगरपासून जवळच भातोडी आहे, इतिहासातली भातवडी. १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजा तिथं एकत्र आल्या, तेव्हा अंबरानं तलावाचा बांध फोडून पाणी सोडलं. शत्रूच्या छावणीचा सारा परिसर चिखल झाला, आणि त्या चिखलात दोन सत्तांची फौज हरली. शहाजीराजे त्या लढाईत अंबराच्या बाजूनं लढले; त्यांचे बंधू शरीफजी तिथंच पडले. ज्याला बांध फोडायचाय त्यानं एक जागा शोधायची. आम्हाला फोडायचा नव्हता, तेव्हा आम्ही एकही जागा मोकळी सोडायची नव्हती.

भाच्यानं बुचात पाच-सहा बारीक सुया खोचल्या आणि चाळणीतली भुकटी त्यांनी तळापासून हलकेच ढवळली, गुठळ्या मोडल्या. मग वरून सपाट, तिरकं न करता दाबलं. दळण बारीक केलं. आता उलटंच झालं. यंत्र कण्हत राहिलं आणि कपात थेंब, थेंब, थेंब. चाळीस सेकंदांत कपाचा तळही झाकेना. नॅचरल दाणा दळताना पिठासारखी बारीक भुकटी जास्त पडते, ती चाळणीची भोकं बुजवते, असं बरेच बरिस्ते सांगतात. म्हणून याला इतर दाण्यांपेक्षा किंचित जाडं दळावं लागतं. दळणीचा काटा दोन घरं मागे घेतला.

तिसऱ्या वेळी आधी पाच-सात सेकंद काहीच झालं नाही. मग चाळणीच्या तळावर गडद ठिपके उमटले, एकत्र आले, आणि मधोमध उंदराच्या शेपटीएवढी धार लागली. काकवीसारखी संथ आणि दाट, आधी काळपट, मग तांबूस, मग मधाच्या रंगाची. अठ्ठावीस सेकंद. छत्तीस ग्रॅम.

ब्रिक्सचा चष्मा

नोकरीची सगळी वर्षं मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. सहकारी साखर कारखान्यांची सुरुवातच आमच्या जिल्ह्यातली, १९५० साली प्रवरानगरची. तेव्हा इथल्या मुलानं साखरेत नोकरी करणं म्हणजे कोकणातल्या मुलानं बोटीवर जाणं. ऊस पक्व झालाय का ते बघायला फडात रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकायचा, उन्हाकडे धरून डोळा लावायचा आणि ब्रिक्सचा, म्हणजे विरघळलेल्या साखरेच्या टक्क्यांचा, आकडा वाचायचा, हे आयुष्यभर केलेलं. विरघळलेला पदार्थ जितका जास्त तितका प्रकाशाचा किरण जास्त वाकतो, एवढंच त्या नळीला कळतं. साखर की कॉफी, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

कपाटातून ती नळी काढली. कॉफी गाळणकागदातून गाळून थंड केली, थेंब टाकला, खिडकीकडे धरला. साडेअकरा. कॉफीसाठी हा आकडा ०.८५ नं गुणतात. आले पावणेदहा टक्के. म्हणजे छत्तीस ग्रॅम पेयात साडेतीन ग्रॅम कॉफी विरघळली. अठरा ग्रॅमच्या चकतीपैकी साडेएकोणीस टक्के सत्त्व कपात आलं. चांगल्या कॉफीत अठरा ते बावीस टक्के उतरावं असा जगभरचा संकेत. भाचा नळीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होता. आल्यापासून पहिल्यांदाच तो काही बोलला नाही.

साध्या गाळलेल्या कॉफीत विरघळलेला भाग सव्वा-दीड टक्का असतो. एस्प्रेसो त्याच्या सहा-सातपट दाट. म्हणून तिचा घोट छोटा, म्हणून ती जिभेवर बसते आणि उठायचं नाव घेत नाही. फळाचा वास या दाटपणात आणखी चढतो, तसे दोषही चढतात. वाळवताना एक दिवस आळस झाला असेल, दवात भिजलं असेल, तर ते एस्प्रेसो लपवत नाही. तापमान फार चढवलं तर मोहाचा दरवळ सरळ दारूकडे झुकतो. आम्ही ब्याण्णव अंशांवर थांबलो. आणखी हलकं हवं असेल तर छत्तीसच्या जागी पंचेचाळीस ग्रॅम घ्यावेत. गोडी पातळ होते पण फळ जास्त उलगडून दिसतं.

आणि चव? वासातलं जांभूळ चवीत तसंच येत नाही. आधी अंजिराचा गोडवा आला, मग जांभळाचा तुरटपणा जिभेच्या कडेला, आणि घोट गेल्यावर मागे गूळ. कुठून कुठून काय आलं ते आता ओळखू येत होतं: फळ खळ्यावरच्या त्या जत्रेचं, गोडवा बीनं दुष्काळात राखलेल्या शिदोरीचा, गूळ भट्टीवरच्या गुळव्याचा. आमचं त्यात काय? अठ्ठावीस सेकंद बांध फुटू दिला नाही, एवढंच.

तेवढ्यात भाच्याची मामी गच्चीवरून कुरडया उलथून आली. घामाघूम. कप बघितला, वास घेतला, "बरंय," म्हणाली आणि फडताळातली बरणी काढली.

"मामी, नको! यात काही घालत नाहीत!"

मामीनं दुसऱ्या कपात दूध ओतलं, कॉफी ओतली आणि किसणीवर जायफळ फिरवलं. भाच्यानं डोळे मिटून घेतले. मी मात्र बरणीकडे बघत होतो. जायफळ हेही एका फळातलं बी. तेही सुकवलेलं. बांदा बेटांवरून ते जगभर नेणारी डच कंपनी तीच, जिचा माणूस, तो व्हॅन डेन ब्रुके, मोख्याची कॉफी बघून आला आणि मग मलिक अंबराच्या भेटीला आला. दोन समुद्रांवरचं वाळवण आमच्या ओट्यावर एका कपात पडलं होतं.

मामीनं घोट घेतला. "साखर लागली नाही हिला," म्हणाली, आणि पदरानं कपाळ पुसत पुन्हा वर गेली. ऊन कलायच्या आत दुसरी बाजू वाळायला हवी होती.